न्हाणीतली दोन पिंपं

१५ जानेवारी १९९५, रविवार

ही डायरी हिम्मतरावांनी दिलेली आहे. हिम्मतराव म्हणजे माझे धाकटे दीर. प्रत्येक पानाच्या तळाशी सोनेरी अक्षरांत 'हिम्मतराव अँड सन्स, टाइल्स व मार्बल, कुकटपल्ली' असं छापलंय. गेली तीन वर्षं अशा डायऱ्या येतात आणि मी त्यांत धोब्याचे कपडे लिहिते. यंदा मनापासून लिहिणार आहे. ज्याच्या नावाने बोटं मोडायची त्याचं नाव पानोपानी छापून मिळावं, ही सोय पूर्वीच्या सूड घेणाऱ्यांना नव्हती.

काल संक्रांत. मेडचलच्या पुढे आमचं शेत आहे, तिथे तिळगूळ घेऊन गेलो, तर आमचा राखणदार मल्लय्या हात जोडून उभा. "अम्मा, वायर काट के लेके गए."

विहिरीवरच्या मीटरपासून माझ्या मोसंबीच्या मोटरला येणारी वायर हिम्मतरावांनी कापून नेली. विजेचं कनेक्शन त्यांच्या नावावर, विहीरही त्यांच्या हिश्शात. पाण्याची पाळी मात्र दोघांची. एक दिवस त्यांचा, एक दिवस माझा, असं मामंजींनी वाटणीतच लिहून ठेवलंय. पाणी माझं. ते वर कसं यायचं, हे मामंजींनी लिहिलं नाही.

साठ झाडं आहेत. सहावं वर्ष, आणि यंदा पहिल्यांदा बहर धरलाय. जूनपर्यंत पाणी मिळालं तर बाग, नाही मिळालं तर साठ काटक्या.

आणि कारण काय, तर मी त्यांच्या वास्तुशांतीला बोलले. एवढंच बोलले की भाऊजी, फरशी इतकी गुळगुळीत घातलीत की या घरात खरं बोलणारा पहिल्याच पावलाला घसरेल. पंचवीस माणसं हसली. त्यात माझा काय दोष? विनोद चांगला होता.

ठरलं. माझी झाडं जगणार आणि हा माणूस माझ्या दारात उभा राहून काहीतरी मागणार. काय मागेल ते अजून ठाऊक नाही. पण मागणार.

२२ जानेवारी

इंजिन आलं. पाच हॉर्सपॉवरचं, जुनं, हिरवं. मल्लय्यानं हँडल मारलं आणि ते असं खोकलं की शेजारच्या द्राक्षाच्या मांडवातले पोपट उडाले. मांडव हिम्मतरावांचा, पोपट सार्वजनिक.

प्रश्न डिझेलचा. गावच्या पंपावर डिझेल असतं तेव्हा रांग असते, आणि रांग नसते तेव्हा डिझेल नसतं. शेतावर साठवावं तर हिम्मतरावांची माणसं आहेतच. म्हणून गौलीगुड्यात, घरी, माझ्या नजरेखाली. उस्मानगंजातून दोनशे लिटरची दोन लोखंडी पिंपं आणली. ती गल्लीतून गडगडत आली तेव्हा पोरंसोरं मागे धावली.

मागची न्हाणी रिकामीच होती. तिथे फळ्यांवर पिंपं उभी केली आणि भरून घेतली. पंपावरच्या म्हाताऱ्यानं चार गोष्टी सांगितल्या. पिंप थेट जमिनीवर टेकवू नये. अर्धं ठेवू नये, कारण रिकाम्या जागेत दमट हवा शिरते, तिचं पाणी होतं आणि तळाशी बसतं. नवं भरलं की दिवसभर हलवू नये. उपसताना नळीचं तोंड तळापासून चार बोटं वर धरावं, आणि इंजिनात ओतताना दुहेरी मलमलीतून गाळावं. "अम्मा, डीजल को दूध जैसा संभालना," म्हणाला. मी म्हटलं, मियाँ, आमच्या गल्लीत दुधाला इतकं कोणी सांभाळत नाही.

किती उरलं ते मोजायला शाळेतली मीटरपट्टी आणली. पंचवीस वर्षं मुलींना भूमिती शिकवली. तिचा काही उपयोग होताना पहिल्यांदाच पाहतेय. एका पिंपावर खडूनं 'त्रिवेणी १' लिहिलं, दुसऱ्यावर 'त्रिवेणी २'.

हे म्हणाले, "आपण आंघोळ कुठे करायची?" पुढच्या न्हाणीत, म्हटलं. "पण वास?" म्हटलं, नोकरीत तीस वर्षं साहेबांचा घेतलात, हा निदान स्वतःचा आहे.

२९ जानेवारी

वरच्या मजल्यावरच्या सुशीलाबाई नाकाला पदर लावून आल्या. हातात मटकीच्या उसळीची वाटी. तक्रार आणायची तर सोबत उसळ आणायची, एवढी सभ्यता या गल्लीत उरलीय.

"त्रिवेणीबाई, तुमच्या न्हाणीपायी माझ्या देवघरात लॉरी उभी असल्यासारखं वाटतंय हो."

मी त्यांना कायदा सांगितला. डिझेल अडीच हजार लिटरपर्यंत ठेवायला परवाना लागत नाही, फक्त एका भांड्यात हजाराच्या वर नको.

"म्हणजे अजून आणणार आहात?" बाई भिंतीला टेकल्या.

बरीच वादावादी झाली. तरी जाताना त्यांची वाटी रिकामी दिली नाही, पाच लिंबं घातली. सासूबाईंचे, सावित्रीबाईंचे, सगळे नियम मी एकेक करून मोडले. हा एक शाबूत ठेवलाय: आलेलं भांडं रिकामं परत जाऊ द्यायचं नाही. वैऱ्याचं असलं तरी नाही. त्या म्हणायच्या, रिकाम्या भांड्याबरोबर घरातली बरकत जाते. मला बरकतीचं ठाऊक नाही. पण वैऱ्याकडे आपली उधारी राहू नये, हे पटतं.

संध्याकाळी हे म्हणाले, "अगं, परवा नामपल्लीला नुमाइशीच्या प्रदर्शनात हिम्मत भेटला होता. तो सांगत होता की—"

मी म्हटलं, या घरात ते नाव निघालं तर मी न्हाणीत काडी ओढीन. हे पुन्हा पेपरात शिरले.

१९ फेब्रुवारी

आता घडी बसली आहे. पहाटे मेडचलकडून दुधाची गाडी गौलीगुड्यात येते, ती परत जाताना माझा डिझेलचा कॅन घेऊन जाते. गाडीवाल्याची अट एकच, झाकण घट्ट हवं. मागच्या आठवड्यात ते नव्हतं. गावातल्या चहाच्या टपरीवर दोन दिवस भांडणं झाली म्हणे.

नळीनं उपसताना काल एक घोट तोंडात गेला. दिवसभर ढेकर आले ते इंजिनासारखे. हे म्हणाले, "डॉक्टरकडे जाऊ." म्हटलं, मेकॅनिक पुरे.

झाडांना पाणी मिळतंय. मोसंबी हरभऱ्याएवढी झाली आहेत. आणि खरी मौज पुढे आहे. माझ्या पाळीला विहीर काठोकाठ असते! पूर्वी हिम्मतरावांची मोटर उपसून उपसून तळ दाखवायची. आता त्यांच्या पाळीला मोटर चालतच नाही. मांडवाखाली जमीन भेगाळली आहे, पानं पिवळी पडलीत. मल्लय्याला विचारलं, तर म्हणाला, "वो लोगां पानी छोडना बंद कर दिए अम्मा."

म्हटलं, वीज नसेल. नाहीतर मोटर जळली असेल. वायर कापणाऱ्याची मोटर जळते, एवढा न्याय अजून जगात आहे.

मांडवात दोन माणसं फीत धरून काही मोजत होती. बहुतेक बँकेची असावीत, जप्तीपूर्वी मोजतात तशी. घरी येऊन ह्यांना म्हटलं, तुमचा भाऊ बुडाला. हे म्हणाले, "बुडाला नाही गं, त्यानं तर—" मी म्हटलं, बाजू घेऊ नका.

१६ मार्च, होळी

पोळ्या कमी आणि बातम्या जास्त. हिम्मतरावांच्या मांडवाच्या तारा उतरवल्या. दगडी खांब उपटून विहिरीच्या कडेला रचून ठेवलेत. सोन्यासारखा अनाबशाही द्राक्षाचा मांडव! मामंजींनी उभा केलेला. आता तारासुद्धा विकायची पाळी आली, म्हणजे घरात काय उरलं असेल?

उषानं, माझ्या जावेनं, नव्या वर्षाचं कॅलेंडर पाठवलंय. मार्चमध्ये. त्यावर दुकानाचं नाव आता 'हिम्मतराव अँड सन्स, टाइल्स, मार्बल अँड डेव्हलपर्स'. काय डेव्हलप करणार? पोट तर आधीच झालंय. पण हल्ली या शहरात ज्याचं काहीच चालत नाही तो पाटीवर एक शब्द वाढवतो. आमच्या शाळेच्या पाटीवरसुद्धा 'मराठी'च्या वर 'इंग्लिश मीडियम' आलं. मराठीच्या वर्गात सात मुली उरल्यात, त्यांतल्या तिघी ओळ वाचताना बोट ठेवतात.

होळीला नैवेद्य दाखवताना हे हळूच म्हणाले, "त्रिवेणी, एकदा शांतपणे बसशील का? शेताबद्दल सांगायचंय."

"कुणाच्या शेताबद्दल?"

"त्याच्या."

"मग नको."

बोंब मारायची रीत आहे आज. मी मनापासून मारली, आणि कुकटपल्लीच्या दिशेनं तोंड करून मारली.

२७ मार्च

टँकरवाल्यांचा संप! आज चौथा दिवस. शहरातले पंप दोऱ्या बांधून बंद. रिक्षावाले भाव सांगण्याऐवजी हसतात. आणि माझ्या मागच्या न्हाणीत दोन पिंपं, दोन्ही भरलेली. संपाच्या आदल्या दिवशीच टोकापर्यंत भरून घेतली होती, अर्धं ठेवू नये म्हणून. मीटरपट्टी बुडवून पाहिली. पुन्हा पुसून पुन्हा बुडवली. देवाला दिवसातून एकदा हात जोडते, न्हाणीत आज पाच वेळा गेले.

सुशीलाबाई जिन्यात भेटल्या. "यजमानांच्या स्कूटरला..." म्हटलं, बाई, हे डिझेल आहे, स्कूटरला चालत नाही. पण विचारलंत त्यात सगळं आलं.

आता तो येईल.

१ एप्रिल, पाडवा

आला.

आधी उषा आली. तिच्यामागे ड्रायव्हर, त्याच्या खांद्यावर चाळीस लिटरचा दुधाचा कॅन. झाकण उघडलं तर आत द्राक्षं. "ताई, मांडवाची शेवटची. म्हटलं, पाडव्याला तुमच्याकडे आलीच पाहिजेत."

"चाळीस लिटरच्या कॅनमध्ये?"

"दुसरं मोठं भांडं सापडेना."

"तुझ्याकडे? स्टीलचं दुकान थाटता येईल इतकी भांडी आहेत तुझ्याकडे."

उषा हसली. लग्न होऊन आली तेव्हा अशी हसायची. "आईंचा नियम तुम्ही अजून पाळता ना, ताई? रिकामं भांडं परत..."

पोरगी हुशार. मला एका क्षणी तिचा अभिमानच वाटला. पण मी म्हटलं, "भांडं तुझं आहे, मागणं त्यांचं. गल्लीत गाडीत बसलेत ना? वर पाठव."

हिम्मतराव आले. सफारी सूट, कपाळावर घाम. बूट बाहेर काढले. सुडाच्या दिवशी माणसं बूट काढून आत येतात, हे मी कल्पनेतसुद्धा धरलं नव्हतं.

"वहिनी, त्याचं असं झालंय की शेतावर—"

"भाऊजी, कारण नको. तुमची कारणं तुमच्या मार्बलसारखी, वरून पॉलिश आणि खाली चुना. नुसतं 'द्या' म्हणा."

त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे उठले. "अगं, आधी ऐकून तरी घे तो काय—"

"तुम्ही पेपर वाचा."

हे पेपर वाचायला बसले. उलटा धरला होता.

"द्या," हिम्मतराव म्हणाले.

"ऐकू नाही आलं."

"द्या, वहिनी."

"वर सुशीलाबाईंना ऐकू जात नाहीये."

"वहिनी, डिझेल द्या!"

अडीच महिने मी या तीन शब्दांसाठी तोंडात घोट घेतले होते. कॅन तर भरलाच असता. पण कॅन भरला तर फिटंफाट होते, द्राक्षांच्या बदल्यात डिझेल. मला ते नको होतं. मी म्हटलं, "कॅन काय मागता? आख्खं पिंप न्या. 'त्रिवेणी २'. कॅन राहू दे इथेच, सवडीनं भरून पाठवीन." कोणी तरी फेडू शकेल असे उपकार करायचे कशाला? दोनशे लिटरचा उपकार छातीवर बसला की माणूस जन्मभर सरळ झोपत नाही.

हिम्मतरावांची मान खाली. चारजणांनी पिंप न्हाणीतून काढून जिन्यावरून उतरवलं. जाताना माझ्या पाया पडले, आणि उषाचे डोळे भरले होते. मला वाटलं, लाजेनं.

हे रात्री जेवले नाहीत. द्राक्षं गोड होती.

८ एप्रिल

विहीर बुजवली.

९ एप्रिल

काल यापुढे लिहिता आलं नाही.

मांडव नाही. जमीन ताटासारखी सपाट. चुन्याच्या रेघा, पांढरे दगड, आणि रस्त्याकडे तोंड करून पाटी: 'सावित्री नगर. पूर्वाभिमुख प्लॉट.' सासूबाईंचं नाव! आणि जिथे विहीर होती तिथे प्लॉट नंबर अकरा. मांडवाचे दगडी खांब आत, वर माती. कडेला पिवळा पोकलेन उभा, आणि त्याच्या सावलीत माझं पिंप, खडूची अक्षरं तशीच. 'त्रिवेणी २.'

पोकलेनचा ऑपरेटर खाजामियाँ डबा खात होता. उठून उभा राहिला.

"अम्मा, ये आपका डीजल है बोले. माशाल्ला, क्या साफ है! पंदरा साल से मशीन चलारूं, इत्ता साफ डीजल नै देखा. फिल्टर खोल के देखा, एक कचरा नै."

आयुष्यात पुष्कळ लोकांनी माझं कौतुक केलं. असं कुणी केलं नाही.

विहीर बुजवायचं काम संपामुळे आठ दिवस अडलं होतं म्हणे. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू झालं.

मल्लय्या झाडांकडे बघत होता. मोसंबी लिंबाएवढी झाली आहेत. त्यानं एवढंच विचारलं, "अम्मा, कल अपनी पाली है?"

घरी येऊन मी ह्यांच्यावर तुटून पडले. तुम्हाला ठाऊक होतं! हे म्हणाले, "मी चारदा सांगायला आलो, त्रिवेणी. चारदा." आणि बोटांवर मोजून दाखवलं: नुमाइश, फीतवाले, होळी, पाडवा. मला वाटायचं, ह्यांना काही आठवत नाही.

वायरसुद्धा रागानं कापलेली नव्हती म्हणे. प्लॉट पाडायचे तर कनेक्शन आधी बंद करावं लागतं. माझा विनोद त्यांना बहुतेक कळलाच नव्हता. हे सगळ्यांत जास्त लागलं.

१२ एप्रिल

शाळेत गेले नाही. अंथरुणातून उठायचंही मनात नव्हतं. तर दुपारी हे ट्रंक उघडून बसले. वाटणीचा कागद काढला. मामंजी निजामी अमदानीतले कारकून, मरेपर्यंत उर्दूतच लिहायचे. मला त्यातलं अक्षर येत नाही. हे दोन यत्ता उर्दू शाळेत शिकलेले. चष्मा लावून, बोट ठेवून, माझ्या वर्गातल्या मुलींसारखे वाचत होते.

"हे बघ. हिम्मतच्या हिश्शाला जायची गाडीवाट आपल्या बांधावरून. 'एक बैलगाडी जाए उत्नी, काश्तकारी के वास्ते.'"

"म्हणजे?"

"म्हणजे शेती करायला जायची वाट. तो शेती करत नाही." ह्यांनी चष्मा काढला. "नांगर जाईल. मारुती गाडी नाही."

बत्तीस वर्षांच्या संसारात मी ह्या माणसाकडे इतकी टक लावून पाहिलं नव्हतं.

"आणि," हे म्हणाले, "विहिरीचंही लिहिलंय. पाळी दोघांची. त्यावर कोर्टात—"

कोर्ट नको. कोर्टात तारखा पडतात. माझ्याकडे 'त्रिवेणी १' आहे.

१६ एप्रिल

काल केलं.

दुधाच्या गाडीवाल्यानं पिंप न्यायला नाही म्हटलं, मग म्हैस वाहणारा टेम्पो केला. पिंपातलं चाळीसेक लिटर घरी काढून ठेवलं, अडीअडचणीला. संप चालूच. खाजामियाँ रिकाम्या मशीनखाली चार दिवस बसलेला. हिम्मतरावांनी डिझेल दिलेलं नाही आणि मशीनचा मालक फोनवर आई-बहीण काढतोय. मी म्हटलं, "मियाँ, डिझेल माझं, काम माझं. कराल?"

"मेरेकू क्या अम्मा, जिसका डीजल उसका काम."

मी बांध दाखवला. म्हटलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत खणायचं. माणूस उभा राहिला तर डोकं दिसू नये इतकं खोल. नुसत्या वाटेवर खड्डा नको, ते बाजूनं गाडी घालतील.

त्यानं पिंप हलवून पाहिलं, जमीन पाहिली, प्लॉट नंबर अकराकडे पाहिलं.

"अम्मा, एक बात बोलूं? इत्ते डीजल में आपकी बावली खुल जाती. मिट्टी कच्ची है अबी, दबी नै. ऊपर का मैं निकाल देतूं, नीचे का आठ आदमी लगा लेव. दो दिन का काम. क्या बोलते? बावली या खंदक?"

मल्लय्या माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

म्हटलं, "खंदक."

विहीर काय, नंतरही उकरता येईल. पुढच्या रविवारी सावित्री नगरचा शुभारंभ आहे, असं पाटीवर आहे. तारीख त्यांनी धरली, मुहूर्त मी साधणार.

काम अंधार पडेपर्यंत चाललं. शेवटी मशीन रस्त्याच्या बाजूला आलं आणि मागची वाट तुटली. पिंप कोरडं. मीटरपट्टी घालून पाहिली, टोकालाही ओल नाही. सुखानं झोपले.

२३ एप्रिल

असा रविवार पुन्हा होणे नाही.

संप मिटलेला, त्यामुळे गाड्या आल्या. एकामागे एक बावीस मोजल्या. पुण्या-मुंबईकडचे कंप्युटरवाले, बायका गॉगल लावून, पोरं पेप्सी धरून. पलीकडे शामियाना, सनई, भटजी, नारळांचं पोतं, सगळं मागच्या शेतांतून पायवाटेनं आलेलं, आणि अलीकडे सगळ्या गाड्या उभ्या. मध्ये माझा खंदक. मी आमच्या बाजूला खाटेवर बसले होते. हातात मीटरपट्टी, उगाच.

"हे काय आहे?" एका तरुण बाईनं विचारलं.

"पूर्वाभिमुख खड्डा," मी म्हटलं.

हिम्मतराव पलीकडून धावत आले. सफारीवर गुलाल. "वहिनी! हे काय केलंत? रस्ता आहे तो!"

"गाडीवाट आहे. बैलगाडी आणा. बैल मी ओवाळीन."

"मी कोर्टात जाईन!"

तेव्हा हे पुढे झाले. मामंजींचा कागद दोन्ही हातांत धरून, खंदकाच्या काठावर उभं राहून, मोठ्यानं वाचला. उर्दूतून. पलीकडे भटजीसुद्धा थांबून ऐकत होते. हिम्मतरावांनी मान खाली घातली. धाकट्याला बापाची भाषा कानावर पडली की कळतेच.

गाड्या वळल्या. वळायला जागा नव्हती, त्यामुळे उलट्या गेल्या. बावीसच्या बावीस. तेही मोजलं.

ऊन उतरल्यावर दोघेच भाऊ खंदकाच्या दोन काठांवर उकिडवे बसले होते. मी ह्यांना म्हटलं, चला. आता तो येईल, विहीर उकरून देतो म्हणत, नाक घासत येईल.

हे उठले नाहीत. म्हणाले, "उकरून देईलही. आत्ताच म्हणाला तसं."

"मग?"

"उकरायला मशीन कुठून जाणार, त्रिवेणी?"

खाजामियाँचं मशीन केव्हाच दुसऱ्या कामावर करीमनगरला गेलंय. खंदक बुजवायला मशीन हवं, खंदक बुजवला की रस्ता होतो. आठ माणसं लावून विहीर हातानं उकरायची, तर मल्लय्या म्हणतो, महिना लागेल. खांब खाली आहेत.

झाडांकडे महिना नाही.

६ मे

शाळेला सुट्टी. रोज शेतावर जाते. एक दिवस माझी पाळी, एक दिवस त्यांची, हिशेब अजून तसाच डोक्यात चालतो. इंजिनावर गोणपाट घातलंय. घरी उषाच्या कॅनमध्ये चाळीस लिटर स्वच्छ, गाळलेलं डिझेल आहे. वर काही आणायला खाली काही नाही.

मल्लय्या आणि त्याची बायको गावच्या हापशावरून घागरी आणून बांधाकडच्या चौदा झाडांना घालतात. उरलेल्या शेहेचाळीस झाडांची पानं आधी आत वळली. मग फळं पडायला लागली. हिरवी, कडक. सकाळी झाडाखाली उभं राहिलं तर ऐकू येतं. टप. मग बराच वेळ काही नाही. मग टप.

आज उषा आली. एकटी, बसनं, हातात काही नाही. पाणी प्यायली. म्हणाली, "ताई, माझा कॅन राहिलाय. दुधाचा."

"आहे की."

"तुम्ही म्हणाला होतात, सवडीनं भरून पाठवीन."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. शोधला, सापडला नाही. मग म्हणाली, "पंधरा प्लॉटचं आगाऊ परत द्यावं लागलं. हे जेवत नाहीत. पाटी उतरवली. आईंचं नाव होतं ना, ह्यांना बघवेना." आणि मग, खाली बघून, "तुमची झाडं कशी आहेत?"

मी आत गेले. कॅनमधलं डिझेल बादल्यांत ओतून ठेवलं, कॅन राखेनं तीनदा घासला, पुसला. सासूबाईंचा नियम. शेतावरून आणलेली दोन पोती कोपऱ्यात होती, ती त्यात रिकामी केली. कॅन काठोकाठ भरला, वर थोडी उरलीसुद्धा.

उषानं झाकण उघडून आत पाहिलं. एक उचललं, नखानं दाबलं. रस नाही, नुसता कडू वास. लिंबाएवढी मोसंबी, शेकडो.

"ही लोणच्यालासुद्धा चालणार नाहीत हो, ताई."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "भाऊजींना सांग, रिकामं पाठवलं नाही."

तिनं झाकण लावलं. दोघींनी मिळून कॅन जिन्यावरून खाली उतरवला. जड होता. एका कानाला तिचा हात, एका कानाला माझा.